काट्याच्या पडद्यावरचं नाव

दादा, गेल्या सोमवारी सकाळी पूजा उरकून मी भोकरदनकडच्या एका गावी दूध डेअरीवर गेलो. तिथला वजनकाटा मीच बनवून दिलेला. दूध घालणाऱ्या एका मावशीची तक्रार होती. मला बघताच म्हणाली, "घरून मोजून आणते मी, इथं रोज कमी भरतं. देवाचा नारळ आमच्याच दुधातून कापून राह्यले का?"

मला अर्थ लागेना. तेवढ्यात डेअरीवाल्यानं काटा चालू केला. छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'राम कृष्ण हरी' उमटलं. त्यानं हात जोडले आणि पारड्यात नारळ ठेवला. नाव जाऊन शून्य आलं, तसा नारळ उचलून मावशीचा कॅन ठेवला. नाव दिसतं तेवढ्या वेळात काटा आपलं शून्य धरतो. त्यानं ते नारळासकट धरलं होतं. दिवसभर प्रत्येकाच्या दुधातून नारळाएवढं वजन जात होतं. रिकाम्या पारड्यावर उण्याची खूण दिसते, ती दाखवली तर म्हणाला, "ती रेघ तर रोजच असती. तुम्हीच देवाचं नाव टाकलं, मंग पूजा करायची न्हाई का?" त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तेच जास्त लागलं.

ते नाव तुमच्यासाठी टाकलं होतं, दादा. तुम्ही अंबडच्या बाजारात दांडीचे तराजू दुरुस्त करायचात. माझा पहिला काटा बघून तुम्ही विचारलंत, "कंपनीचं नाव येतं, मंग देवाचं का न्हाई?" त्या ओळीत सोळा अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून नाव बराबर बसलं. तुम्ही कितीदातरी बंद-चालू करून बघितलंत. आता ते पुसायचं म्हणजे तुमचा हात झटकल्यासारखं, आणि ठेवायचं तर त्याच्याआड मावशीचं दूध जातं.

दोन दिवस जप पुढे सरकला नाही. डोळे मिटले की तोच बाजार दिसतो. मी लहान आहे, मला माप टाकायची घाई झालीय, आणि तुम्ही माझं मनगट धरून म्हणताय, "थांब. काटा थरथरून राह्यला. रिकामा ठरू दे आधी."

आज परत डेअरीवर गेलो. नारळासाठी शेजारी फळी ठोकून दिली. मग सेटिंगमध्ये जाऊन नाव एकेक अक्षर पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'थांबा'. तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार, पण एवढं सांगतो. काटा चालू केला, तुमचा शब्द उमटला, आणि माझे हात सवयीनं जुळलेच.