सांध्यातला कापूस

९ नोव्हेंबर
"हात फिरवत बस. ओलं लागलं की हाक मार." मी सात वर्षांची असताना बाबा म्हणाले होते. नवी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली की मला तिच्या तळाशी बसवायचे, गळती शोधायला. मला हाक मारावी लागली नाही. एकदाही नाही!
आज हे पर्यटकांना सांगितलं. टाळ्या पडल्या. अंगावर पाल पडावी तसं झालं.

१२ नोव्हेंबर
आमच्या कंपनीचा हेरिटेज वॉक धक्क्यावरून सुरू होतो; गाईड मी. जुनं जकातघर, जाळ्यांची कोठारं, दीपगृहाचा चढ — आणि शेवटी बाबांची शेड. बेटावर आता लाकडी होडी बांधणारे तेच उरलेत. बांधणारे म्हणजे काय — फळ्यांच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून तेलात भिजवलेला कापूस ठोकत बसतात. डोळे अधू झालेत, सगळा कारभार बोटांवर. लोक फोटो काढतात.
"काका, होडी कधी पूर्ण होणार?"
"आधी तुमचं लग्न ठरवा. नवरीला हिच्यातूनच आणू!"
संध्याकाळी ते घरी गेले की दिवसभर भरलेला कापूस मी आकड्याने ओढून काढते. मॅनेजरचा हुकूम. "होडी पूर्ण झाली तर दाखवायचं काय, मॅडम?"
बाबांना माहीत नाही.

१३ नोव्हेंबर
निदान इथे तरी खरं लिहावं. काम बंद पडल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आता जेवताना मागून वाढून घेतात. म्हणून काढते मी तो कापूस. फक्त म्हणूनच? नोकरी माझीही आहे.

२१ नोव्हेंबर
सकाळी बाबा सांधा चाचपत होते. "परत उघडलाय गं. उन्हानं लाकूड आकसतंय."
मी म्हटलं, "असेल."

४ डिसेंबर
आता उन्हाला दोष देत नाहीत. जेवताना दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "दाबच राहिला नाही बघ. या हातांची होडी पाण्यात घालशील तू? माणसं बुडतील." पान तसंच टाकून उठले.
तेव्हा सांगायला हवं होतं.

११ डिसेंबर
व्हायचं ते झालं. एक बाई बहिणीला घेऊन दुसऱ्यांदा आल्या. "अय्या, काका अजून इथेच? गेल्या महिन्यात हाच सांधा भरत होते! या लाल खुणेपाशीच!"
हातोडी थांबली. सगळे हसले. बाबाही. "म्हातारा बैल आहे बाई, एकाच जागी फिरायचा."
घरी चपला काढता काढता बाबांनी विचारलं, "कोण काढतं?"
"मी."
त्यांनी हात धुतले. पुसले. परत धुतले.

१२ डिसेंबर
बाबांनी आज स्वतःचं पान स्वतःच वाढून घेतलं.

१४ डिसेंबर
वेळेवर शेडमध्ये हजर. लोकांशी थट्टा तीच, नवरीचीसुद्धा. संध्याकाळी मात्र घरी गेले नाहीत. आकडा माझ्या हातातून घेतला आणि सांधा स्वतःच उकलला — शेवटच्या धाग्यापर्यंत. कापूस गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. "उद्याला लागेल."
"बाबा, नका ना."
"सरक. तुला नीट काढताही येत नाही. फळीला ओरखडे पाडतेस."

१५ डिसेंबर
राजीनामा दिला. मला वाटलं, मी गेले की हा खेळच मोडेल. मॅनेजर शेडमध्ये जाऊन आले. "काका राहतायत. संध्याकाळचं कामही तेच करतो म्हणाले."
उद्या ते हातोडी उचलून शेडकडे निघायच्या आत विचारणार आहे — बाबा, आज घरी थांबाल?
नाही म्हणतील.