भारद्वाजाचा लाल डोळा

रविवार, फेब्रुवारी. इंदिरानगर.

परत आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. चहा केला, तोही गार झाला.

सकाळी दिंडोरीला धाकट्या बहिणीकडे गेले होते. पाखरं येऊ नयेत म्हणून द्राक्षबागेवर टाकलेल्या जाळीत एक भारद्वाज अडकला होता, उलटा लटकत. भाऊजींनी आधी चपला काढल्या, हात जोडले आणि बहिणीला हाक मारली, "अगं लवकर ये, भारद्वाजाचं दर्शन झालं!" त्याचा तो लाल डोळा आमच्यावर खिळलेला. दर्शन कसलं? तो मरत होता.

मी भाऊजींच्या खिशातली घड काढायची कात्री घेतली. "ताई, बेतानं कापा. जाळी लय फाटली तर साळुंक्या बाग ठेवणार नाय," ते म्हणाले. पक्षी सुटला आणि धडपडत बांधावरच्या झुडपात शिरला. भाऊजी खूश. चांगला शकुन झाला म्हणे.

मग ते सुई-दोरा घेऊन आले. "जरा धरता का?" मी भोकाच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या. मी! गेल्याच आठवड्यात या जाळ्यांविरुद्ध पेपरात लेख लिहिणारी. नाही म्हणायला हवं होतं का? पण आठवड्याभरात माल निघायचाय, ते तरी काय करणार? टाके पडत होते तेव्हा झुडपातून तो लाल डोळा बघत होता, की मलाच तसं वाटलं?

आत्ता त्यांनी दिलेलं खोकं उघडलं. उभ्याउभ्याच अर्धा घड संपवला. द्राक्षं गोड आहेत. एकाही मण्याला चोच लागलेली नाही.