उजवीकडची खिडकी

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७, सांजच्याला

दादाला फॅक्टरीत बक्षीस म्हणून पुण्याहून मुंबईच्या विमानाची दोन तिकिटं मिळाली. उद्या आमी दोघं जाणार. मग मी तिथं मुंबईत मावशीकडंच राहायचं. परत कधी यायचं, कुणी बोलत न्हाई.

मला वरनं दिसावं म्हणून आई चिखलीच्या आमच्या घरावर लाल लुगडं पसरणार हाय. पण घर येतंय विमानाच्या उजवीकडं.

दादा म्हणतो, "येडे, तू डावीकडं बस. लोहगड दिसल, घाट दिसल. उजवीकडं काय, आपलीच वावरं!"

मी मान हलवली. का हलवली? लाल लुगडं उगाच उन्हात पडून राहायचं.

मगाशी हिंमत करून त्याच्यापुढं गेले. म्हणाला, "काय गं?"

मी म्हणाले, "पाणी देऊ?"

तहान नव्हती, तरी प्याला. माझ्याकडं बघत थांबला. मी तांब्या घेऊन आत आले.