नळीतली पेन्सिल

आदरणीय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? ताईंनाही नमस्कार सांगा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

गॅरेजचं दार आतून लावून लिहितोय. येत्या रविवारी आपल्या सासरेबुवांना, म्हणजे बाबांना (निवृत्त झाले, पण मुख्याध्यापकी सुटलेली नाही) जुन्या गाडीने घाट चढायचाय आणि ती ठीक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गाडी तापते, पेट्रोल ढोसते, तेही नेमकं माझ्या लग्नापासून. "जावईबापू, तुम्ही घरात आलात आणि गाडी बसली," हे मी सहा वर्षं जेवताना ऐकतोय.

शेवटी मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, पाय हलका असला की इंजिनात मिश्रण कमी जातं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी जरा आधी पडावी लागते. त्या वेळी इंजिन हवा आत शोषतं, ती ओढ जोरात असते. ती ओढ एका बारीक रबरी नळीतून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डबीतला पडदा खेचते आणि ठिणगी पुढे सरकते. पाय जोरात दाबला की ओढ संपते, ठिणगी मुकाट्याने मागे. (थेट माझा स्वभाव! बाबा शांत असले की मी पुढे पुढे करतो, त्यांनी पाय आपटला की मागच्या मागे.) ठिणगीची वेळ जुळवताना मात्र ही नळी काढून तिच्या तोंडात काहीतरी खुपसतात, आणि नंतर आठवणीने काढतात, नाहीतर ठिणगी कायम उशिरा पडते, गाडी तापते आणि पेट्रोल ढोसते.

मी नळी काढून फुंकली. हवा जाईना. तारेने टोकरलं, तर काळाकुट्ट पेन्सिलीचा तुकडा बाहेर आला! रागावू नका, पण माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ठिणगीची वेळ तुम्हीच जुळवली होती. मला बाबांची भीती वाटते, तुमचीही वाटते, तरी हात जोडून सांगतो, रविवारच्या आत येऊन खरं काय ते सांगा आणि मला सोडवा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. गाडी आता सुरेख चालते. बाबांनी विचारलं, "कोणाचा हा गाढवपणा? उभा करा माझ्यासमोर." मी रुमाल शोधायच्या निमित्ताने सटकलो.

आणखी एक ता. क. पुरावा म्हणून पाकिटात घालण्याआधी पेन्सिल पुसली. लाल-निळी निघाली. एका बाजूने तासून त्यावर शाईने 'मुख्याध्यापक' लिहिलंय, बाबांच्याच अक्षरात. म्हणजे तुमच्यानंतर त्यांनीच वेळ पुन्हा जुळवली आणि पेन्सिल नळीतच विसरले. वरचे सगळे शब्द मागे घेतो. पण हे त्यांना सांगणार कोण? माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा कृपा करून या आणि चूक तुमचीच होती म्हणून कबूल करा. टोमण्यांची पहिली सहा वर्षं जड जातात, मग सवय होते.