माझ्या नावावर पाहिलेला समुद्र

बाबा, पुरीचा समुद्र मी पाहिला. या खेपेला खरंच पाहिला. एवढं सांगितलं तशी लिहिणारीनं पेन उचललं आणि माझ्याकडे पाहत राहिली. लिहिणारी म्हणजे माझी मोठी नात, अकरा वर्षांची. मराठी सारं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. अक्षरं दोन्हीची तीच, म्हणून मी बोलते ते कागदावर उतरवून घेते. "इस खेप को मतलब?" म्हणाली. मी म्हटलं, "लिहीत जाय पोट्टे, पुढं समजते." तिला समजावं म्हणूनच तिच्या हातून लिहवून घेते आहे. तुम्ही काही वाचणार नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायला बोटं पुरत नाहीत, आणि तुमच्या या लेकीला अक्षर येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

तर मे महिन्यात मुलाला ऑफिसातून आठ दिवसांची सुटी मिळाली. सून म्हणाली, पोरींना समुद्र दाखवू, गाडीनंच जाऊ. आमच्या इथल्या पंडरीच्या बाजारातून दोघींना सारखे फ्रॉक आणले, माझ्यासाठी लवकर वाळणारं लुगडं आणलं, पोळ्या आणि कोरडा झुणका डब्यात भरला आणि उजाडायच्या आत आमच्या चौबे कॉलनीतून गाडी निघाली. आरंग येत नाही तोच खिडकीवरून भांडण. धाकटी पाच वर्षांची, तिला खिडकी पाहिजे, मोठीला पाहिजे, आणि खरं सांगते, मलाही पाहिजे होती. शेवटी मोठीनंच निकाल दिला, "आजी को दो. आजी गाइड है. आजी ने समंदर देखा है." मी खिडकीजवळ बसले आणि सराईपालीपर्यंत मान वळवली नाही. संबलपूरला मुक्काम केला, हिराकूडचं धरण पाहिलं. धाकटी एवढं पाणी पाहून टाळ्या पिटते. "यही समंदर है?" "नाही वं," मी म्हणते, "समुद्राजवळ टोकदार टोप्या घातलेली माणसं असतात. ती हात धरून तुले लाटेत नेतात. तिथं खाजा मिळते, पापुद्र्या-पापुद्र्याचा. आणि वाळूत भोकं असतात, त्यातून खेकडे डोकावतात." सून पुढच्या सीटवरून म्हणाली, "आई, तुमच्या किती लक्षात आहे हो!" मुलगा आरशातून हसला. लहानपणापासून हेच ऐकत आला आहे तो.

आता तुमची पाळी, बाबा. मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे मदतनीस, आपण रेल्वे कॉलनीतल्या एका खोलीत. त्या साली पहिल्यांदा तुम्ही कुटुंबाचा फुकट प्रवासाचा पास काढला, पुरीपर्यंतचा. पासवर तुमचं नाव, मायचं, भावाचं आणि माझं, पुढे ज्याचं त्याचं वय. तुम्ही कागद दोन्ही हातांत धरून बोटानं दाखवलं, हे तुयं नाव. मला वाचता येत नव्हतं, पण ती जागा मी अजून दाखवू शकते, शेवटची ओळ. आणि त्याच उन्हाळ्यात आत्या वारली. तिची पोरगी, माझ्याच वयाची, तुम्ही हात धरून घरी आणली. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, तुमच्या शर्टाचं टोक धरून हिंडायची. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिच्याजवळ कोणीतरी राहणं भाग होतं. पास चौघांचा. दोन दिवसांनी तुम्ही तिला खाटेवर बसवलं आणि विचारलं, "नाव काय तुयं?" तिनं स्वतःचं सांगितलं. तुम्ही मान हलवली. "असं नाही. तिकीटवाला पुसन त काय सांगशीन?" आणि तिनं माझं नाव सांगितलं. मी चुलीपाशी आजीसाठी पेज ढवळत होते. रोज संध्याकाळी शिकवणी. नाव काय, वय काय, बापाचं नाव काय. चौथ्या दिवशी ती न अडखळता बोलली आणि तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझा निळ्या फुलांचा फ्रॉकही तिच्याच अंगावर होता, कारण तिच्याजवळ धड एकही नव्हता.

मी रडले, भांडले, पेजेचं भांडं उलथलं. तेव्हा तुम्ही एकदाच ओरडलात, आजही कानात आहे. "पासवर तुयंच नाव आहे ना? मंग तू गेलीच समज! आणि कोणी पुसलं त मी जाऊन आली म्हणायचं, समजलं? माया नोकरीचा सवाल आहे." समजलं, बाबा. असं समजलं की साठ वर्षं विसरले नाही.

ते आठ दिवस मी आजीजवळ घरातच, बाहेर तोंड काढायची चोरी. तुम्ही परत आले. मायनं माझ्या नावानं हाक मारली तर आम्ही दोघी उठलो. तुम्ही माझ्या हातात एक शंख दिला, मुठीत मावेल एवढा. मी तो पहिले सहा महिने कानाला लावला नाही. पण तिला पिळून घेतलं बरं का. रोज अंगणात बसवून एकेक गोष्ट काढून घ्यायची, टोप्या, खेकडे, खाजा, वाळूत बसलेले उंट, आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायांना आपली म्हणून सांगायची. तुमच्याच हुकमानं. नवऱ्याला सांगितली, मुलाला सांगितली, नातींना सांगितली. दरवेळी थोडी भर पडायची. तिचा हेवा मात्र कधी आटला नाही. तिची वेणी माझ्यापेक्षा जाड, तिला नागपूरचं सासर, तिच्या घरात माझ्याआधी पंखा. तिला पहिला मुलगा झाला तेव्हा मी जिलेबी खाल्ली, पण अर्धीच. ती बिचारी दर दिवाळीला चिवड्याचा डबा पाठवते. चिवडा चांगला असतो, हेही मला सोसत नाही.

पुरीला पोचलो तेव्हा दुपार कलती झाली होती. पोरी माझे दोन हात धरून ओढत आहेत, "आजी, चलो, चलो", आणि मी आवाज ऐकते. बाबा, आवाजाचं तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांना दिसलं ते सारं सांगितलं, पण हे काय गरजतं आहे म्हणून मी तिथंच उभी. मग पाणी आलं, घोट्याला लागलं, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेली. मला वाटलं, गेले. मी अशी किंचाळले की टोकदार टोपीवाला एक माणूस पळत आला. टोपी तशीच होती, ती मी ओळखली. बाकी काहीच ओळखीचं नव्हतं. एक चप्पल समुद्रानं नेली. धाकटी पोट धरून हसते आहे. मोठी हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आजी, आप तो पहले आ चुकी हो ना?" मी म्हटलं, "तवा समुद्र लहान होता." असं काय बोलले कोण जाणे. अकरा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. तिनं माझा हात सोडला नाही, पण पकड ढिली झाली.

तेवढ्यात माझ्या शहाण्या मुलाला सुचलं, नागपूरला मावशीला फोन लावू, तिलाही समुद्र दाखवू, तिनं कधी पाहिला नाही.  फोनवर आत्याच्या त्या पोरीचा चेहरा आला, पांढरी वेणी अजून जाडच. मुलानं फोन लाटांकडे वळवला. तिनं चेहरा फोनजवळ आणला. मोठीनं फोन हिसकावला आणि थेट विचारलं, "नागपूरवाली आजी, हमारी आजी तो डर गई! पहले आई थी, तब क्यों नहीं डरी?" आता ही सांगणार. आता माझं सारं वाहून जाणार, चपलेच्या मागोमाग. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं, खोटं कशाला बोलू. ती हसली. म्हणाली, "अवं, तवा तिचा बाप होता ना जवळ! पाण्याले भेत होती म्हणून बापानं खांद्यावर घेतली होती. पायच नाही टेकू देले वाळूले. मंग काहून भेव वाटन?" मोठीनं विचारलं, "और आप?" "मी कुठची वं बाई. मी त घरी होती, म्हातारीपाशी."

तुम्ही तिला खांद्यावर घेतलं होतं, हेही तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, बाबा. मी इतकं खोदखोदून विचारलं, तिनं टोप्या दिल्या, खेकडे दिले, उंट दिले. हे एवढं पोटात ठेवलं. मला लागू नये म्हणूनच ठेवलं असणार, तेवढी अक्कल मला आहे. पण सत्तरीच्या म्हातारीला भर वाळूत पोरीसारखा हेवा वाटला. फ्रॉकचा नाही, समुद्राचाही नाही. तुम्ही मला कधी खांद्यावर घेतल्याचं मी आठवून आठवून पाहिलं. कारखान्यातून तुम्ही थकून यायचे, खांद्याला तेलाचा वास यायचा, तो वास मला आठवतो, म्हणजे कधीतरी जवळ असेन. त्यापुढे काही सापडत नाही. आणि वर मनाचा मोठेपणा दाखवायची वेळ आली तर तोही तिनंच नेला.

येताना धौलीचा स्तूप पाहिला. पोरी पायऱ्यांवर पळत होत्या, मी खाली बसून होते, अनवाणी. मनाशी ठरवलं, घरी गेल्यावर सारं सांगून टाकायचं. तिचे उपकार अंगावर घेऊन मला घास गिळेना.

तर सांगितलं. लिहिणारीनं पेन थांबवलं. आता विचारते, "मतलब आपने मेरे को झूठ बोला?" मी म्हटलं, "हव." "पप्पा को भी?" "हव." "ये भी लिखूँ?" "लिही." लिहिते आहे. अक्षर जरा दाबून काढते आहे, पण लिहिते आहे. कागद घडी करून शंखाखाली ठेवायला सांगणार आहे, कपाटात. तिथून तो कुठे जायचा नाही.

एक राहिलं. मोठीला खरं कळलं, मुलाला ती सांगेलच. पण काल दुपारी धाकटीनं समुद्राची गोष्ट सांग म्हटलं, आणि सांगता सांगता मी तुमच्या खांद्यावर बसले. दोनदा. धाकटी म्हणाली, तेरे पापा अच्छे थे. मी हो म्हटलं. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.