दोन दारांमधला रसिक

४ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचे तीन दिवस डायरी शोधण्यात गेले. हरकत नाही. संकल्प एकच आहे, त्यामुळे उशीर चालतो.

संकल्प: यंदा मालतीबाई अथणीकर प्रत्यक्ष ऐकायच्या. तंबोरे जुळवल्यापासून भैरवीपर्यंत. पहिली रांग, मधली खुर्ची. मध्ये उठायचं नाही.

कॉलेजात असताना कॅसेटवर पहिल्यांदा ऐकल्या. तेव्हापासून दुसरं कोणी चालत नाही. बाई सोलापुरात दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा मी हॉलच्या बाहेर. एकदा आमच्या संगीत मंडळाने पार्किंग सांभाळायला दिलं होतं, एकदा चपला. चपलांच्या वेळी दार किलकिलं होतं आणि एक तान ऐकू आली. पण तेवढ्यात कोणाची तरी कोल्हापुरी हरवली.

दरवर्षी बाहेरचं काम मलाच. जबाबदार माणसाची ही शिक्षा असते.

११ जानेवारी, रविवार

'नादवेल' मंडळाची मीटिंग. अध्यक्ष यज्ञेश्वरकाकांनी जाहीर केलं: ७ फेब्रुवारी, मालतीबाई. वय झालं, हा शेवटचा दौरा. यानंतर बाई जाहीर गाणार नाहीत.

मी लगेच उभा राहून सांगितलं, यंदा मला काम नको, मी नुसता श्रोता. काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, पुजारी, तुमच्याशिवाय चहाचं कोण बघणार. ठराव वाचून होण्याआधीच सगळ्यांचे हात वर. इतका विश्वास फार कमी लोकांच्या वाट्याला येतो. डोळ्यांत पाणी आलं. हो म्हणालो.

घरी येताना स्कूटरवर लक्षात आलं की अडकलो.

१२ जानेवारी, सोमवार

वैदेहीला सांगितलं. ती म्हणाली, दरवर्षी तुम्हालाच बरं बाहेर ठेवतात. मी म्हटलं, माणसं ओळखतात. ती नुसतं हं म्हणाली आणि गॅलरीत गेली. सकाळी मी मालतीबाई लावतो तेव्हाच तिला नेमकी झाडांची आठवण होते. कुंड्या तीन आहेत, पाणी अर्धा तास चालतं. ऋतुजाची बारावी, तिच्या कानात कायम इयरफोन. या घरात गाणं समजणारा मी एकटा.

मी मात्र बाईंबरोबर पूर्ण बंदिश म्हणतो. मनातल्या मनात.

१७ जानेवारी, शनिवार

चहूबाजूंनी कोंडी. प्राचार्यांनी आज ऑफिसात सांगितलं, ७ तारखेला तपासणी समिती येणार, हेड क्लार्कने जागा सोडायची नाही. घरी आलो तर वैदेहीच्या मावसबहिणीचा, सोनालीचा, साखरपुडा कुर्डुवाडीला. तोही ७ तारखेला. जावयाने पुढे बसायचं असतं. शिवाय चहा आहेच.

माणसाने गाणं ऐकायचं तरी कसं?

डोकं चालवलं. प्राचार्यांना साखरपुडा सांगितला. वैदेहीला समिती सांगितली. चहा ऑफिसातल्या नंदीशच्या गळ्यात घातला. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान नाही. प्राचार्य आणि वैदेही, दोघांनीही लगेच मान्य केलं. वैदेही तर म्हणाली, तुम्ही नका येऊ, आम्ही शांतपणे करून येतो.

सुटलो.

२४ जानेवारी, शनिवार

जुळे सोलापुरात एका डॉक्टरांच्या फ्लॅटवर छोटी बैठक. पुण्याची तरुण गायिका. मी अगदी समोर. ७ तारखेची रंगीत तालीम म्हणून दाद मोकळेपणाने दिली.

दादेबद्दल माझं स्वतःचं मत आहे. लोक सम आल्यावर वा म्हणतात. त्यात काय, ते कोणीही म्हणेल. मी समेच्या जरा आधी म्हणतो. म्हणजे कलाकाराला कळतं की समोर जाणकार बसला आहे.

मुलगी तीनदा थांबून पाणी प्यायली. भारावली असणार. जाताना तिने काकांना विचारलं, ते मांडीवर ताल धरणारे गृहस्थ कोण. काका खाली बघत राहिले. माझं कौतुक माझ्यासमोर करायला ते नेहमीच संकोचतात.

२५ जानेवारी, रविवार

काकांचा फोन. चहा रद्द, मोठी जबाबदारी. बाईंची अट आहे, गाणं सुरू झालं की कुठलंही दार उघडायचं नाही. स्टेजच्या डाव्या हाताचं दार सगळ्यात नाजूक, बाईंपासून चार पावलांवर. तिथे भरवशाचा माणूस हवा. बाहेरच्या बाजूला. बाहेर हा शब्द काकांनी तीनदा उच्चारला. वय झालं आता त्यांचं.

नाही म्हणता आलं नाही. मालतीबाईंची अट मी मोडायची?

पुन्हा अडकलो.

१ फेब्रुवारी, रविवार

हॉल बघून आलो. वॉचमन धनाजी मंगळवेढ्याकडचा, भला माणूस. त्याने डावं दार दाखवलं. एक दार नाही, दोन आहेत. मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आतल्या दाराला आतून कडी, बाहेरच्याला बाहेरून.

प्लॅन तयार. तंबोरे जुळले की बाहेरच्या दारातून मध्ये, तिथून आत, आणि आतून मीच कडी लावणार. दार बंद म्हणजे काम झालं. मधल्या खुर्चीवर आधीच रुमाल टाकून ठेवायचा.

धनाजीने विचारलं, सायेब, तुमी बाहीरच बसनार न्हवं? खुर्ची ठिवतो की. मी हो म्हणालो. त्याला कशाला सगळं सांगायचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वैदेही आणि ऋतुजा कुर्डुवाडीला गेल्या. झोप येत नाही. उद्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ. नवा झब्बा. खिशात रुमाल आणि संक्रांतीचा उरलेला तिळाचा लाडू. मध्ये उठायचं नाही म्हणजे पोटाची सोय हवी.

दुपारी ४. बाई आल्या. लांबून बघितलं. केवढ्याशा आहेत! काठी टेकत गेल्या. मी नमस्कार केला, त्यांनी बघितलं नाही. खुर्चीवर रुमाल टाकला.

संध्याकाळी ६:१०. मोबाइलवर लिहितोय, नंतर डायरीत उतरवेन. दोन दारांच्या मध्ये आहे.

झालं असं. तंबोरे जुळले. मी बाहेरचं दार ढकलून मध्ये आलो. आतलं दार ढकलायला हात लावला तेवढ्यात पलीकडून कडी पडली. काकांचं खाकरणं ओळखलं. मागे वळलो तर बाहेरची कडीही पडली. धनाजी.

ठोकावं का? ठोकलं तर बाई थांबतील. मी तसला माणूस नाही. नंदीशला फोन लावला. इथे रेंज नाही.

६:२०. अंधार. जुन्या गालिच्याचा वास. हात लांब केला की दोन्हीकडे दार लागतं. झब्बा भिजला. माझा रुमाल आत पहिल्या रांगेत बसला आहे.

६:२५. पूरिया. विलंबित. आणि सगळं ऐकू येतंय. हॉलमध्ये ऐकू येणार नाही इतकं जवळून. दाराला कान लावला. इतक्या वर्षांनी बाई आणि माझ्यामध्ये फक्त एक फळी. अडकलो हे बरंच झालं. जन्मभर असंच अडकवून ठेवा.

६:५०. अंतऱ्याला राहवलं नाही. हळूच वा म्हटलं. मनातल्या मनात बंदिश चालूच आहे.

७:०५. बाई थांबल्या. माइक बाजूला करून काहीतरी बोलल्या, फळीतून शब्द कळले नाहीत. हॉल हसला. साउंडवाल्याला टोमणा मारला असणार. बाईंचा मूड जाऊ नये म्हणून दाद थोडी वाढवली.

७:३०. भूक. लाडू काढला. दगड झाला आहे. चावत नाही, गालात धरून बसलो.

७:४०. लाडू विरघळला. द्रुतमध्ये आता आम्ही दोघंही रंगलोय.

८:१५. भैरवी! रडतोय. बाईंच्या सुरात सूर मिळाला.

८:२०. भैरवी संपली. इतकी छोटी? वय झालं, दम पुरत नसणार. टाळ्याही जपून वाजवल्या लोकांनी.

रात्री, घरी. धनाजीने दार उघडलं तेव्हा तो घाबरला. म्हणाला, आरं द्येवा, तुमी आत हुतासा व्हय? काकांनी सांगितलं हुतं, काय बी झालं तरी कडी काढू नगंस, पुजारी सायबास्नी आत जाऊ देऊ नगंस. काकांची शिस्त बघा. माझ्यासारख्या माणसालाही सूट नाही.

बाईंना भेटायला धावलो तर गाडी निघून गेली होती. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून निघून गेले. दौरा संपल्याचं दुःख. मलाही होतंच. पण संकल्प पूर्ण झाला. तंबोऱ्यापासून भैरवीपर्यंत, आणि मध्ये एकदाही उठलो नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वैदेही परत आली. कार्यक्रमाला गेल्याचं कबूल केलं. ती चिडली नाही. विचारलं, कुठे बसला होतात. पहिल्या रांगेच्याही पुढे, म्हटलं. खोटं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मंडळाच्या ग्रुपवर सगळे गप्प. एरवी कार्यक्रमानंतर फुलं, हात जोडलेले, काय काय येतं. मी कार्यक्रमाचं सविस्तर रसग्रहण टाकलं. भैरवीवर खास परिच्छेद. पन्नास जणांनी वाचलं, एकानेही उत्तर दिलं नाही. माझ्या लिखाणाने दबले असावेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

काकांनी रेकॉर्डिंग पाठवलं. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. सोबत एवढंच की एकदा शांतपणे ऐका. मला वाटलं, भेट आहे.

ऋतुजाचे इयरफोन मागून घेतले. टाळ्यांसाठी एक माइक डाव्या दारावर टांगला होता, हे मला माहीत नव्हतं.

पूरिया सुरू झाला. मागे कोणीतरी घोगऱ्या आवाजात तेच गात होतं, अर्धा सूर खाली. मध्येच वा. ताल फळीवर. पहिल्यांदा वाटलं, दुसरा एखादा कार्यक्रम मिसळला आहे. मग वाटलं, साउंडवाल्याची चूक. मग तो माणूस अंतऱ्यात खोकला, आणि तो खोकला माझा आहे. ऑक्टोबरपासून चालू आहे.

ते मनातल्या मनात नव्हतं.

मग बाई थांबतात. या माइकवर स्वच्छ आलं आहे. म्हणतात, यारु ते? कोण गायला लागलंय तिकडं? त्यांचं होऊ दे, मग मी गाते. हॉल हसतो. दारामागून मोठ्याने वा येतं.

नंतर काही मिनिटं तो माणूस गप्प आहे. लाडूची मिनिटं. आणि तिथे बाई गातात. मी सगळ्या कॅसेटी पाठ केल्या आहेत, पण हे मी कधी ऐकलेलंच नाही. आवाज थकला आहे. एका स्वरापाशी त्या थांबतात, तो पुरत नाही, पुन्हा जातात, आणि तो स्वर लागतो तेव्हा हॉलमध्ये कोणी श्वाससुद्धा घेत नाही. मीही घेतला नाही.

मग लाडू विरघळतो.

भैरवी पूर्ण ऐकली नाही. ऐकण्यासारखी पूर्ण नाहीच. दोन ओळी झाल्यावर बाई म्हणतात, बरं आहे, भैरवी तिकडून चाललीच आहे, मी येते आता. थोडे लोक हसतात. मग कोणीच हसत नाही.

ती त्यांची शेवटची भैरवी होती. लोकांना मिळाली नाही. मला मिळाली नाही. माझ्यामुळे.

पार्किंग, चपला, चहा, दार. सगळं आज कळलं. घरचं तर कधीच कळायला हवं होतं.

काकांना फोन केला. पुढच्या वर्षी पार्किंग मला द्या म्हणालो, रस्त्यापलीकडचं, लांबचं. काका म्हणाले, चहाला तरी येत जा आत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाईंची जुनी कॅसेट लावली. पूरिया संध्याकाळचा राग, तरी लावली. वैदेही पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत गेली.

डब्यात संक्रांतीचा शेवटचा लाडू होता. तो तोंडात धरला. हात मांडीखाली दाबून बसलो.

थोड्या वेळाने वैदेही गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. बरं नाही का, विचारलं. बोलता येत नव्हतं, मान हलवली. ती आत आली, तांब्या खाली ठेवून समोर बसली. कॅसेट संपेपर्यंत उठली नाही.