काशीत सोडलेला फणस

वैशाख शुद्ध ३, शके १८११. कर्जत.

वैद्यबुवा सासूबाईंची नाडी पाहून म्हणाले, "आता मागतील ते खायला द्या." झालं! याचा अर्थ कुणाला ठाऊक नाही? मामंजी उठून ओसरीवर गेले. इकडून खांबाकडे तोंड करून उभं राहणं झालं. मी चुलीपाशी पदरात तोंड खुपसून रडत बसले, तर खाटेवरून सासूबाईंचा आवाज — "अगं, माझं राहू दे, भात करपतोय!" खरंच करपला होता.

शुद्ध ५

मैनावन्सं खालापुराहून आल्या. गाडीतून उतरल्या त्या हंबरडा फोडतच. सासूबाई म्हणतात, "थोडं मागं ठेव गं बाई, नंतर कमी पडेल!" वन्सं रडता रडता हसल्या आणि पुन्हा रडल्या. या गेल्यावर मला टोचून बोलणार कोण, आणि हसवणार कोण? मला नाही करमायचं या घरात. आत्ताच करमत नाही.

शुद्ध ८

जवळच्या कोंडाणे गावची बायजा डोक्यावर फणस घेऊन आली. "काकूस्नी एक गरा द्या गं. मधावानी गोड हाय." आली का पंचाईत! काशीयात्रेत सासूबाईंनी फणस सोडला, तो जन्माचा. दरवर्षी आम्हाला गरे काढून द्यायच्या, स्वतः बोटसुद्धा चाटायच्या नाहीत. वन्सं म्हणाल्या, "आईला जाताना तरी खाऊ दे." इकडचं म्हणणं, काशीत सोडलेलं खाऊन पाप लागेल. भावाबहिणीची चांगलीच जुंपली.

मामंजी उठले. हातपाय धुऊन आले, पळीभर पाणी हातावर घेऊन ताम्हनात सोडलं. "तिचा फणस आजपासून मी सोडला. आता ती खायला मोकळी." मामंजी! अर्धा फणस एकटे संपवणारे!

मग खाटेशी बसून स्वतःच्या हातानं गरा भरवला. सगळ्यांसमोर! असं या घरात कधी झालं नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हीही सगळे रडलो — आणि काय बरं वाटलं!

शुद्ध ९

वेणी घालत होते, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "सूनबाई, फणसाच्या वासानंच मला मळमळतं गं. लहानपणापासून."

माझ्या हातातली फणी गळाली. "मग काशीत—?"

"आवडीचं काहीतरी सोडा म्हणाले तिथले भटजी. आंबा सोडू की काय मी? दिलं ठोकून — फणस!"

दोघी पोट धरून हसलो. "आता तिकडून माझ्यासाठी सोडलाय, मग खायला नको? निदान मऊ बरका तरी आणायचा, गिळता आला असता." मग म्हणाल्या, "फणस वाईटच गं. पण हातानं भरवणं झालं... उभ्या जन्मात पहिल्यांदा. कुणाला सांगशील तर बघ!"

शुद्ध १२

रोज एक गरा चालला आहे. "आणखी देऊ?" "द्या की." आणि तोंड असं करतात! मी माजघरात पळते हसायला.

पाय फार सुजलेत. पेज दोन घोटांपुढे जात नाही.

शुद्ध १४

मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत होते. कधी येत नाहीत इकडे. खाली बघत म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून आंबा चिरून ठेव. किती दिवस तिला फणस गिळायला लावायचा?"

मी थक्क! "तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नापासून. पण नुसता भरवायला बसलो असतो, तर तिनं तोंड उघडलं असतं का?"

आणि लाजून गेलेसुद्धा! या वयात!

वद्य २

पहाटे सासूबाई गेल्या. वन्संना रडू काही कमी पडलं नाही. वाटीत आंब्याची एक फोड राहिली होती, त्यांची अर्धी खाल्लेली. मामंजींनी ती उष्टी फोड उचलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली.